कोपरा कापलेली दोनशे अकरा नावं

माऊली शेजूळनं राजनंदिनी औताडेला पहिल्यांदा पाहिलं, त्या क्षणी हर्सूलच्या तलावाचं पाणी ऐन माघात दोन हात वर चढलं, काठावरचे बगळे एका पायावरून दोन पायांवर आले, जेलच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्यानं कुणी साहेब नसताना सलामी ठोकली आणि औताडेंच्या बैठकीतला बंद पंखा आपोआप गरगरा फिरायला लागला, असं माऊली स्वतः सांगतो. यातलं पंख्याचं खरं आहे. लाइट आली होती.

माऊलीचं हे चौदावं स्थळ. वय छत्तीस, नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची, राहणं उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत, घरी आई मनकर्णाबाई आणि पाण्याचे सात ड्रम. तेरा घरचे पोहे खाऊन त्याची जीभ इतकी तयार झाली होती की पहिल्या घासालाच त्याला निकाल कळायचा. शेंगदाणे कमी, म्हणजे मुलीकडच्यांनी फक्त रीत म्हणून बोलावलंय. औताडेंच्या पोह्यांत मात्र पसाभर शेंगदाणे होते. त्या आनंदात गोंधळून त्यानं होणाऱ्या सासऱ्यांऐवजी टीपॉयलाच वाकून नमस्कार केला.

राजनंदिनी मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिची नजर कुठल्याही माणसावर न डगमगता ठरायची. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा तिनं पगार विचारला नाही, की फ्लॅटचं विचारलं नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडं लग्नात मुलीचा बाप जेवतो का?"

माऊलीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्याला एकही जेवणारा बाप आठवला नाही.

"माझ्या दोन्ही बहिणींच्या लग्नात अण्णा बादली घेऊन वाढत होते," ती म्हणाली. "पहिल्या लग्नात उभ्यानं जेवले. दुसऱ्यात जेवलेच नाहीत, भात संपला. माझ्या लग्नात माझा बाप खुर्चीवर बसून जेवला पाहिजे. त्यांच्या नावाची खुर्ची पाहिजे. बाकी मला काही नको."

"नावाची खुर्ची ठेवू," माऊली म्हणाला. आणि समोर राजनंदिनी, खाली तलाव, पोटात शेंगदाणे, अशा अवस्थेत माणूस जे बोलू नये ते बोलतो, तसं तो पुढं बोलून गेला. "सगळ्यांचीच नावं ठेवू. आणि मी लिहीन. माझ्या हातानं."

स्थळ पसंत पडलं.

घरी हे कळल्यावर मनकर्णाबाईनं हातातली परात खाली ठेवली. "तू लिव्हनार? तुझं अक्षर बघून मास्तरनं मला शाळेत बोलावलं व्हतं. इचारलं, बाई, पोराला फिटबिट येती का?"

"आई, शिकता येतं. मोबाइलवर सगळं असतं."

"मोबाइलवर मरन बी असतं," मनकर्णाबाई म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं परात पुन्हा उचलली.

गुलमंडीतल्या ज्या दुकानातून माऊलीनं कट निबचा पेन, शाई आणि जाड कागद घेतला, त्या दुकानदारानं आधी विचारलं, "बच्चे के वास्ते?"

"मेरे वास्ते."

दुकानदारानं त्याला टकलापासून चपलांपर्यंत पाहिलं. "बहोत देर कर दी मियाँ. लाल स्याही खतम है, काली ले जाओ. काली सब पे चलती."

काळी शाई आली. लग्नाच्या हजार-बाराशे पाहुण्यांसाठी बुफे होताच. त्याशिवाय दोन्हीकडच्या जवळच्या दोनशे अकरा माणसांसाठी टेबल-खुर्चीची मानाची पंगत ठरली होती. प्रत्येक ताटापुढं एक नाव, म्हणजे दोनशे अकरा कार्डं. कामावरून आल्यावर जेवणाच्या वेळेपर्यंत माऊली जमिनीवर पाट मांडून बसायचा. मोबाइलमधली एक शांत आवाजाची बाई सांगायची, "श्वास सोडा आणि रेघ ओढा." माऊली इतक्या जोरात श्वास सोडायचा की ओली शाई अक्षर सोडून पळायची. शिरोरेषा म्हणजे खरं तर ताणलेली दोरी. माऊलीची दोरी ओली साडी वाळत घातल्यासारखी मधोमध झोळ खायची आणि सगळी अक्षरं त्या झोळात गोळा व्हायची. सासऱ्यांचं नाव, धोंडिबा, त्यानं सत्तेचाळीस वेळा लिहिलं. धों बरा आला की डि फुगायचा, डि आवरला की बा बाहेर पडायचा.

तरी तीन आठवड्यांत हात बसला. अडचणी दोनच उरल्या.

पहिली अडचण श्री. हे अक्षर त्याला काही केल्या जमेना. दरवेळी कागदावर नांगी वर केलेला विंचू तयार व्हायचा. एका रविवारी त्यानं पन्नास विंचू काढले आणि मग ठरवलं, घरचीच तर माणसं आहेत, त्यांना श्री कशाला? पुरुषांचा श्री काढला, मग बायकांचं सौ. तरी कशाला? तेही काढलं. नुसतं नाव, ठसठशीत, काळंभोर.

दुसरी अडचण थेंबाची. नाव पुरं झालं की पेन उचलताना त्याचा हात उजवीकडं वर जायचा आणि कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात शाईचा टपोरा थेंब पडायचा. न चुकता पडायचा. दुसरा कुणी असता तर कार्डं फेकून दिली असती. पण माऊली चौदा वर्षं मुरलेला स्टोअरकीपर. बिघडलेला माल फेकायचा नसतो, दुरुस्त करून वापरायचा असतो. त्यानं पट्टी लावली, कटर घेतला आणि थेंबाचा कोपरा कापून टाकला. एका कार्डाचा कापला म्हणून सगळ्यांचा कापला. दोनशे अकरा कार्डं, दोनशे अकरा कोपरे, एकसारखे तिरके. आता तर ते मुद्दाम केलेल्या नक्षीसारखं दिसायला लागलं. खाली फरशीवर काळ्या टोकांच्या त्रिकोणांचा ढीग पडला होता, कावळ्यांच्या चोची कुणी कापून ठेवाव्यात तसा. माऊलीनं शीळ घालत तो झाडूनं गोळा केला.

मनकर्णाबाई त्या आठवड्यात पत्रिका वाटत पैठणकडच्या खेड्यांत फिरत होती. ती घरी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. ती परत आली तेव्हा कार्डं मिठाईच्या मोठ्या खोक्यात बंद झाली होती आणि माऊली म्हणत होता, "केळवणाला दाखवीन. एकदम सगळ्यांना."

केळवण लग्नाच्या नऊ दिवस आधी, हर्सूलला औताडेंच्या घरी होतं. बावीस माणसं जेवायला. बायका स्वयंपाकघरात आणि पुरुष अंगणात असताना माऊलीनं बैठकीत मांडलेल्या प्रत्येक ताटापुढं त्या त्या माणसाचं कार्ड उभं केलं. उरलेली एकशे एकोणनव्वद दिवाणावर ओळीनं मांडली. मग दारात येऊन, छाती काढून, तो म्हणाला, "चला, बसा. आपापलं नाव शोधा."

सगळ्यांत आधी आत आल्या केसरबाई. या धोंडिबांच्या आत्या, वय एक्क्याऐंशी, आणि औताडेंच्या घरातला शेवटचा शब्द. केसरबाईंना वाचता येत नव्हतं. पण हे ओळखायला वाचावं लागतच नाही. त्या उंबऱ्यात थांबल्या. ताटांच्या ओळीकडं पाहिलं, मग दिवाणाकडं. एक हात त्यांनी चौकटीवर ठेवला.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

मग त्या मागं वळल्या.

"कोन गेलं रं धोंडिबा?"

धोंडिबा मागून डोकावले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच विझलं. साठी ओलांडलेला माणूस, त्यांनी तसली कार्डं पाहिली होती. पोस्टमन यायचा तेव्हाची गोष्ट. घरातलं कुणी गेलं की नातेवाइकांना कार्ड टाकायचं, त्यावर श्री लिहायचा नाही आणि त्याचा कोपरा कापायचा. पोस्टमननं कोपरा दाखवला की बायका हंबरडा फोडायच्या, मजकूर मागाहून. वाचून झालं की ते कार्ड फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आता मोबाइल आल्यापासून कुणी कुणाला कार्ड टाकत नाही आणि छत्तिशीतल्या स्टोअरकीपरला ही रीत ठाऊक असायचं कारण नाही.

"कुणी गेलं नाय, आत्या," धोंडिबा हळूच म्हणाले. "नावं हायेत. बसायच्या जागेची."

"कुनाची नावं?"

"आपली."

"समद्यांची?"

धोंडिबांनी दिवाणावरच्या ओळी शेवटपर्यंत पाहिल्या. "समद्यांची."

पुरणपोळ्यांवरचं तूप थिजलं तरी कुणी बसलं नाही. एकटे कडूबा आजोबा बसले. केसरबाईंचे भाऊ, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, दमेकरी, बिडीचे भक्त. त्यांनी आपलं कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं. "ह्याच्यावर माझं नाव हाय व्हय? लई मोठं लिव्हलंय." आणि ते निवांत पोळी मोडायला लागले.

मनकर्णाबाई भिंतीला टेकून पोराकडं पाहत होती. "पत्रिका वाटायला मी गेले अन् तू समद्यांचे तेरावे घालून बसलास, मुडद्या."

केसरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि सुनेला मिरची आणायला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "सव्वा महिना थांबायचं. ह्या दोनशे अकरातलं येक जरी मानूस कमी झालं, तर ही सोयरीक आपली न्हवं. कुनी नाय गेलं, तर लगीन."

"आजी, कागदाचा कोपरा कापल्यानं कुणी मरतं का?" राजनंदिनी चिडून म्हणाली.

"नाय ना मरत? मंग थांबायला काय झालं?"

धोंडिबांनी पंचांग मागवलं. पुढचा मुहूर्त एकेचाळिसाव्या दिवशीचा निघाला. प्रश्न राहिला खोक्याचा. घरात ठेवायचं नाही हे नक्की. पण फाडायचं तर वाचून झालं असं होतं, म्हणजे बातमी पक्की. शेवटी धोंडिबांनी खोकं कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि वर वीट ठेवली. त्या दिवसापासून गल्लीतली माणसं ती भिंत सोडून पलीकडून जायला लागली. शेळ्या तेवढ्या हुंगायच्या.

दोन्ही घरांनी मोबाइलवर निरोप टाकला, 'घरगुती कारणास्तव विवाह पुढे ढकलण्यात आला आहे.' आता ठरलेलं लग्न घरगुती कारणानं पुढं जातं ते कशानं, हे न कळण्याइतकं कुणी दुधखुळं नाही. दुसऱ्या दिवसापासून सांत्वनाचे फोन सुरू झाले. जालन्याचे एक मामा तर थेट घरीच आले, चहा नको म्हणाले, मान खाली घालून दहा मिनिटं बसले आणि निघताना मनकर्णाबाईला म्हणाले, "शेवटी काही बोलले का?"

"कोन?"

"तेच," मामा म्हणाले. त्यांनाही माहीत नव्हतं.

माऊलीला मात्र आता रात्रंदिवस एकच दिसत होतं. पंधरावं स्थळ येणार नाही. आलं तरी त्या घरात राजनंदिनी नसणार. चाळीस दिवस, दोनशे अकरा माणसं, आणि संभाजीनगरचा उन्हाळा. त्यानं स्टोअरमध्ये मालाची ठेवतात तशी यादी केली. ऐंशीच्या पुढचे सहा. शुगरवाले त्रेसष्ट. बायपास झालेले नऊ. हेल्मेट न घालणारे, उरलेले सगळे. राजनंदिनीनं त्या यादीवर नजर टाकली आणि एकशे चौऱ्याण्णव नावांपुढं बारीक टिंब केलं.

"हे काय?"

"यांना कशानंही काहीही होऊ शकतं," ती म्हणाली. तिला धीर द्यायचा होता, पण धंद्याची सवय.

माऊली रोज दहा जणांना फोन करायचा. "काका, बरे आहात ना?" आजवर ज्या पुतण्यानं दिवाळीलाही फोन केला नव्हता, त्यानं सोमवारी भर दुपारी तब्येत विचारली की धडधाकट माणसाच्याही छातीत कळ यायची. कार्डांची हकीकत आठवड्यात सगळ्या गोतावळ्यात पसरली. माणसं आपापसात मोजायला लागली, आज किती उरले. पाचव्या दिवशी एक आत्या न्हाणीत घसरून पडली. वाचली. बाराव्या दिवशी एका साडूंना कूलरचा शॉक बसला. वाचले. एकोणिसाव्या दिवशी राजनंदिनीचा चुलत भाऊ अभय जालना रोडवर मोटारसायकलसकट एका उसाच्या रसाच्या गाड्यात घुसला आणि अंगभर रस घेऊन बाहेर आला. वाचला. पण दरवेळी काहीतरी जरा जास्त जवळून जात होतं. माऊलीचा फोन वाजला की स्टोअरमधले हमाल हातातली पेटी खाली ठेवून थांबायचे.

सगळ्यांत जास्त भीती कडूबा आजोबांची. म्हणून कामावरून सुटला की माऊली वाळूजहून सरळ हर्सूल गाठायचा. आजोबा मागच्या पत्र्याच्या खोलीत बाजेवर असायचे, दुपारभर तापलेल्या पत्र्याखाली, बिडीच्या धुरात.

"आजोबा, बिडी सोडा. निदान पंचवीस दिवस."

"मंग?"

"मग ओढा."

कडूबा खोकत खोकत हसायचे. "मी मेलो तर तुझं लगीन मोडतं, आसं म्हन की सरळ."

"तसं नाही हो."

"तसंच हाय. पर बरं वाटतं गड्या. मला इतकं कुनी जगवाया धावलं न्हवतं. पोरगा पुण्याहून फोन करतो, 'कसं आहे' म्हनतो, अन् मी सांगायच्या आत ठेवतो." मग ते सदऱ्याच्या खिशाकडं हात नेत आणि मध्येच थांबत. "येक काम कर. माझं नाव लिव्हून दाव. श्री लावून. त्या दिवशी श्री न्हवता, केसर म्हनत व्हती."

"मला श्री येत नाही, आजोबा."

"मंग शिक. मला कुठं जायचंय?"

रोज संध्याकाळी बाजेच्या कडेला बसून माऊली श्री लिहायचा. कडूबांना वाचता येत नव्हतं, पण शेतकऱ्याची नजर, वाकडा तास लगेच कळायचा. "ह्येचं शेपूट आवर. ह्येला पाठ नाय. ह्यो उठून पळन बघ." पन्नासाव्या, साठाव्या विंचवानंतर एकदा नांगी खाली आली. तिसाव्या दिवशी कागदावर खरोखरचा श्री होता, थोडा खांद्यात वाकलेला, पण श्री.

सदतिसाव्या दिवशी पारा त्रेचाळीसवर गेला. दुपारी दीडला स्टोअरमध्ये फोन वाजला.

"आजोबा उठत नाहीत," राजनंदिनी म्हणाली. तिचा आवाज चिठ्ठी वाचल्यासारखा सपाट होता. "दवाखान्यात नेतोय. तुम्ही तिकडंच या."

वाळूजपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता माऊलीला नंतर कधीच आठवला नाही. एवढंच आठवतं की एका चौकात चार माणसं पांढऱ्या टोप्या घालून उभी होती आणि त्यानं सिग्नल तोडला.

वॉर्डात कडूबा पडले होते, डोळे मिटलेले, ओठ पांढरे, हाताला सलाईन. अंगावर ओली चादर. उशाशी धोंडिबा उभे होते. तेही उभेच. सिस्टरनं आजोबांचा सदरा उतरवला तेव्हा खिशातून बिडीच्या बंडलासोबत एक जाड कागद पडला होता. तो आता स्टुलावर होता. काळी अक्षरं, वरचा कोपरा तिरका कापलेला. आजोबांनी चौथ्याच दिवशी वीट बाजूला सारून, केळवणात लागलेल्या तुपाच्या बोटावरून ओळखून, आपलं कार्ड खोक्यातून काढून घेतलं होतं आणि तेहेतीस दिवस छातीशी बाळगलं होतं.

केसरबाई स्टुलाकडं पाठ करून बाकावर बसल्या होत्या. माऊलीला वाटलं, आता बोलणार. सोयरीक आपली नव्हे म्हणणार. त्यानं खिशातला हातरुमाल काढला आणि पुन्हा ठेवला. दहा मिनिटांनी केसरबाई बोलल्या, पण त्याच्याकडं न बघता.

"ह्या धोंडिबाचा बाप, माझा थोरला भाऊ गेला, तवा मी सासरी व्हते. दुपारी कार्ड आलं. घरात कुनी न्हाय, समदे रानात. कोपरा दिसला. पर नाव वाचता येईना. मी त्ये हातात धरून वट्ट्यावर बसले. आधी वाटलं, आई गेली. तिला रडले. मंग वाटलं, न्हाय, कडूबा. त्याला रडले. मंग माझी धाकटी भन. सांजंपतोर माझं समदं माहेर मेलं व्हतं, येकामागं येक. मंग मास्तर आला, वाचलं, अन् म्हनला, येकच गेलंय." त्यांनी कनवट चाचपली. "त्या दिसापासून मला कोपरा बघवत न्हाय."

मग त्या माऊलीकडं वळल्या.

"तुझ्यामुळं त्या दिवशी पुन्हा समदे मेले," केसरबाई म्हणाल्या. "समदे. नाव वाचता न येताच."

माऊली बाकाशेजारी खाली फरशीवर बसला. काही बोललं असतं तर ते चुकीचंच निघालं असतं, इतकं त्याला स्वतःबद्दल माहीत होतं.

मग केसरबाईंनी कनवटीची पुडी सोडली. हळद आणि कुंकू. "पेन हाय का?"

माऊलीकडं पेन होता. हल्ली तो पेनाशिवाय कुठं जात नसे.

"लिव्ह. कडूबाचं लिव्ह. श्री लाव. चारी कोपरे ऱ्हाऊ दे."

सिस्टरकडून मागितलेल्या औषधाच्या खोक्याच्या कोऱ्या बाजूवर, स्टुलावर वाकून माऊलीनं लिहिलं. श्री. कडूबा औताडे. पेन उचलताना हात सवयीनं उजवीकडं वर निघाला. त्यानं तो डाव्या हातानं धरून ठेवला. थेंब पडला नाही. केसरबाईंनी चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं, तो पुठ्ठा भावाच्या उशीखाली सरकवला आणि कापलेलं कार्ड चिमटीत धरून, डोळे मिटून, चार तुकडे केले.

"आता समद्यांची लिव्ह," त्या म्हणाल्या. "तीन दिवस हायेत."

"आत्या, म्हणजे लग्न?" धोंडिबांनी विचारलं.

"आधी ह्येचे डोळे उघडू दे."

कडूबांचे डोळे दुसऱ्या दिवशी सकाळी उघडले. ऊन लागलं होतं. दोन सलाईन पुरल्या. उघडल्याबरोबर त्यांनी बिडी मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा म्हणाले, "मंग कशाला उठवलं?" घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की यांना कूलरपुढं ठेवायचं, उकाड्यात बसवायचं नाही.

माऊलीनं तीन दिवस रजा टाकली. मनकर्णाबाई शेजारी बसून कार्डांचे कोपरे मोजून बघायची, प्रत्येकाला चार आहेत ना, आणि मगच हळद-कुंकू लावायची. दोनशे अकरा श्री आणि सौ. लिहून झाले. पहिलं कार्ड धोंडिबांचं. या वेळी धों, डि आणि बा तिन्ही एका रेषेत उभे राहिले. ते सगळ्यांत सुंदर होतं, हे माऊलीलाही कळलं. त्यानं ते वहीत वेगळं जपून नेलं आणि लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयात स्वतःच्या हातानं पहिल्या टेबलावर, मोठ्या कूलरपुढच्या सगळ्यांत चांगल्या खुर्चीसमोर उभं केलं.

एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी साडेबाराला अक्षता पडल्या. मानाच्या पंगतीची दोनशे अकराच्या दोनशे अकरा माणसं हजर होती, अभय हेल्मेट घालून. केसरबाईंनी स्टेजवर येऊन माऊलीच्या तोंडावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. राजनंदिनी पहिल्यांदाच काही न विचारता हसली.

कडूबा आजोबांची खुर्ची चौथ्या रांगेत होती, तिथं वारा नव्हता. डॉक्टरांनी बजावलेलं होतं, म्हणून पोरांनी त्यांना उचलून मोठ्या कूलरपुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी समोरचं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ श्री न्याहाळला आणि ते खिशात टाकलं. मग जेवायला सुरुवात केली आणि निवांत दीड तास जेवले.

धोंडिबा औताडे दुपारी सव्वाचारला, आचाऱ्याच्या गॅसच्या टाकीशेजारी, उभ्यानं जेवले. मठ्ठा संपला होता.